हिटलरचा पराभव हिवाळ्याने केला काय?

रशियाच्या हिवाळ्याने नेपोलियनला गिळले आणि सव्वाशे वर्षांनी त्याच हिवाळ्याने हिटलरलाही गिळले, हे विधान आपल्याकडे इतक्या सहजतेने उच्चारले जाते, की त्याला काही पुरावा हवा असे ना बोलणाऱ्याला वाटते, ना ऐकणाऱ्याला. पूर्वपक्ष थोडक्यात असा: २२ जून १९४१ रोजी तीस लाखांवर फौज घेऊन जर्मनीने सोव्हिएत रशियावर स्वारी केली, ती फौज मॉस्कोच्या वेशीपर्यंत जाऊन भिडली, इतक्यात अघोरी थंडी पडली, यंत्रांतील तेल गोठले, उन्हाळी गणवेशातले शिपाई कुडकुडू लागले आणि हातातोंडाशी आलेला विजय निसटला. या पक्षात सत्याचा अंशच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या हिवाळ्यात हिमदंशाने लाखाहून अधिक जर्मन सैनिक जायबंदी झाले, आणि पुढे त्या मोहिमेबद्दल जे पदक वाटण्यात आले त्याला खुद्द सैनिकांनीच ‘गोठलेल्या मांसाचे पदक’ असे कुत्सित नाव ठेवले. परंतु पराभवाच्या प्रसंगी जे जे उपस्थित होते ते ते पराभवाचे कारण ठरत नाही. आणि या प्रकरणी तर कारण म्हणून जो पुढे केला जातो तो साक्षीदार घटना घडून गेल्यावर हजर झाला आहे.

प्रथम कालक्रमच पाहावा. सरहद्दीलगत, नीपर आणि द्वीना या नद्यांच्या अलीकडेच, लाल सेनेचा निःपात करावयाचा आणि दोन-तीन महिन्यांत मोहीम आटोपावयाची, हा जर्मन मनसुब्याचा पाया होता. जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचे प्रमुख फ्रान्झ हाल्डर यांनी ३ जुलै रोजी आपल्या रोजनिशीत ही मोहीम दोन आठवड्यांतच जिंकल्याचा निर्वाळा दिला. पण ११ ऑगस्टला त्याच रोजनिशीत त्यांना अशी कबुली नोंदवावी लागली, की आम्ही शत्रूच्या दोनशे डिव्हिजनी धरल्या होत्या आणि आताच तीनशे साठ मोजून झाल्या आहेत. मधल्या काळात स्मोलेन्स्कच्या परिसरात पेटलेल्या झुंजीने मॉस्कोच्या रोखाने निघालेल्या मध्य सेनासमूहाला इतके थकविले होते, की ३० जुलै रोजी हिटलरला त्याला बचावाचा पवित्रा घेण्याची आज्ञा द्यावी लागली. सप्टेंबरअखेर पूर्व आघाडीवर मृत, जखमी व बेपत्ता मिळून पाच लाखांहून अधिक जर्मन सैनिक खर्ची पडले होते. बर्फाचा एक कणही पडण्यापूर्वीचा हा हिशेब आहे. तो वाचून मग हिवाळ्याला श्रेय द्यावे.

गरम कपड्यांच्या अभावाचा जो मोठा बोभाटा केला जातो, त्याचेही मूळ आभाळात शोधण्याचे कारण नाही. हिवाळ्यापूर्वी युद्ध संपणारच, या गृहीतावर सारी तजवीज बेतलेली होती. जे कपडे सिद्ध होते तेही पोलंडमधील कोठारांत अडकून पडले, कारण रशियन रुळांची रुंदी युरोपीय रुळांहून साडेतीन इंचांनी अधिक होती, लोहमार्ग बदलून घेण्याचे काम फौजेच्या मागे रखडत होते, आणि येणाऱ्या मोजक्या गाड्यांतून दारूगोळा आणावा, इंधन आणावे की कोट आणावेत हा प्रश्न पडताच कोटांचा क्रम शेवटी लागत होता. जगातील सर्वांत यंत्रसज्ज म्हणून मिरवणाऱ्या या फौजेची रसद सहा लाखांवर घोडे ओढीत होते. रशियात हिवाळा येतो, ही गोष्ट काही गुप्तहेरांनी शोधून काढावयाची नव्हती. तेव्हा शिपाई गारठले तो सरबराई खात्याच्या नियोजनाचा आणि सेनानायकांच्या अहंकाराचा परिणाम होय.

आणि थंडी एकट्या जर्मनांसाठी पडली नव्हती. उलट, ऑक्टोबरच्या चिखलात रुतलेले त्यांचे रणगाडे नोव्हेंबरच्या पहिल्या गारठ्याने जमीन घट्ट केल्यामुळेच पुन्हा चालू लागले, हे या पक्षाचे पुरस्कर्ते सोयिस्करपणे विसरतात. ५ डिसेंबरला लाल सेनेने जो प्रतिहल्ला चढविला तो त्याच बर्फातून. फरक एवढाच, की तिच्यापाशी राखीव सैन्य होते आणि जर्मनांपाशी ते उरलेले नव्हते.

ऋतूंचीच साक्ष काढावयाची तर ती पुरी काढावी. स्टालिनग्राड येथे २३ नोव्हेंबर १९४२ रोजी सहाव्या जर्मन सैन्याभोवती वेढा आवळला गेला, तो दोन्ही बगला अपुऱ्या शस्त्रांच्या रुमानियन सैन्यावर सोपविल्यामुळे. विमानांनी पोहोचलेली रसद गरजेच्या निम्मीही नव्हती, आणि वेढलेल्या फौजेची उपासमार थंडीने वाढविली असली तरी वेढा काही थंडीने घातला नव्हता. कुर्स्कची लढाई जुलै १९४३ मधली, म्हणजे ऐन उन्हाळ्यातली. जून १९४४ च्या अखेरीस बेलोरशियात रशियनांनी जी मोहीम उघडली, तिने ३ जुलैला मिन्स्क घेतले आणि अल्पावधीतच मध्य सेनासमूह जवळजवळ नामशेष केला, तोही उन्हाळ्यातच. नेपोलियनचा दृष्टान्त तर मुळातच लंगडा आहे; त्याच्या मुख्य फौजेचा मोठा हिस्सा १८१२ च्या उन्हाळ्यातच भूक, रोगराई आणि पलायन यांनी गळून गेला होता.

येथे दुसरा आक्षेपक उठून म्हणेल, की हिवाळा नव्हे तर नुसते संख्याबळ आणि अमेरिकेची मदत हीच खरी कारणे. पण नुसत्या संख्येने तारले असते तर १९४१ च्या सप्टेंबरात कीएव्ह येथे सहा लाखांवर रशियन सैनिक कैद झाले नसते. अमेरिकेच्या मालमोटारींवाचून १९४४ ची घोडदौड कठीण होती हे मान्य. परंतु त्या मदतीचा मोठा ओघ सुरू झाला तो १९४३ पासून, मॉस्कोपुढील निर्णय लागून गेल्यावर.

मग खरे कारण कोणते? एका राष्ट्राने प्रचंड पराभव सोसूनही लढाऊ यंत्रणा पुन्हा उभारली, आणि दुसऱ्याने एकाच झटक्यावर सर्वस्व लावून तो झटका फुकट गेल्यावर करावयाचे काय याचा विचारच केला नव्हता, हे ते कारण होय. स्वारीनंतर दोनच दिवसांनी, २४ जून रोजी, मॉस्कोत कारखान्यांच्या स्थलांतरासाठी स्वतंत्र मंडळ नेमले गेले, आणि नोव्हेंबरपर्यंत पंधराशेहून अधिक कारखाने उरल, सायबेरिया व मध्य आशियाकडे हलविण्यात आले. हे काम माणसांनी केले, आणि त्याची किंमतही माणसांनीच मोजली.

हिवाळ्याची ही कैफियत रचली कोणी, तेही पाहणे अगत्याचे आहे. गुडेरियन, मानस्टाइन प्रभृति पराभूत सेनानींनी युद्धानंतर आत्मचरित्रे लिहिली. स्वतः हाल्डर अमेरिकन लष्कराच्या इतिहास विभागासाठी काम करू लागले. आणि शीतयुद्धाच्या वातावरणात रशियनांना श्रेय नाकारणारी कथा पश्चिमेला गोड वाटली. हवामानाला दोषी धरले, की चुकीचा हिशेब करणाराही सुटतो आणि अपराधीही सुटतो. जर्मनांच्या हाती लागलेल्या सुमारे सत्तावन्न लाख रशियन युद्धकैद्यांपैकी तेहतीस लाखांच्या आसपास मरण पावले, त्यांतले लाखो त्याच हिवाळ्यात उपासमारीने, ही गोष्टही मग विस्मृतीत जाते. त्या कैद्यांना हिवाळ्याने मारले असे म्हणणे जितके असत्य, तितकेच हिटलरला हिवाळ्याने हरविले असे म्हणणेही असत्य आहे. हिटलरची मोहीम ऑगस्ट १९४१ मध्येच फसली होती. डिसेंबरच्या बर्फाने फक्त ते फसणे जगाला दाखवून दिले.