शतावरी आणि 'नैसर्गिक इस्ट्रोजेन'

शतावरीकल्पांच्या वेष्टनांवर व माहितीपत्रकांत 'नैसर्गिक इस्ट्रोजेन' हे शब्द सर्रास आढळतात. औषधविक्रेता तेच रुग्णेस सांगतो. आणि खेदाने नमूद करावे लागते की काही वैद्यही व्यवस्थापत्र लिहिताना हाच हिशेब मनात धरतात : पाळी लांबली म्हणजे इस्ट्रोजेन कमी, आणि इस्ट्रोजेन कमी म्हणजे शतावरी. या हिशेबाच्या दोन्ही पायऱ्या कच्च्या आहेत.

मुळात इस्ट्रोजेन हे एका द्रव्याचे नव्हे, तर एका कुलाचे नाव आहे. त्यातील इस्ट्रिओल प्रामुख्याने गर्भिणीत अपरेमार्फत निर्माण होते, तर इस्टेट्रॉल केवळ गर्भाच्या यकृतात. मासिक चक्राचा कारभार चालतो तो इस्ट्रॅडिओलवर. बीजकोषातील वाढते पुटक ते तयार करते आणि त्याच्या प्रभावाने गर्भाशयाचा अंतःस्तर पुन्हा भरून येतो. रक्तातील त्याची पातळी दर मिलिलिटरला सुमारे २०० पिकोग्रॅमच्या वर जाऊन साधारण दोन दिवस टिकली, की एरवी त्याच्यामुळे दबून राहणारी पीयूषिका ग्रंथी उलट उसळते व बीजोत्सर्ग घडतो. त्यानंतर पीतपिंडातून प्रोजेस्टेरॉन स्रवू लागते आणि अंतःस्तराची वाढ आवरली जाते. (सुश्रुतांच्या बारा रात्रींच्या ऋतुकालाशी याची सांगड घालून विद्यार्थ्यांना समजावणे ठीक; पण त्या सादृश्यावर चिकित्सा बेतणे निराळे.)

चौथे इस्ट्रोन. रजोनिवृत्तीनंतर तेच मुख्य ठरते आणि ते बव्हंशी मेदात तयार होते. पुरुषसंप्रेरकांचे इस्ट्रोजेनांत रूपांतर करणारे अॅरोमॅटेज नावाचे किण्वक मेदपेशींत असते. ही गोष्ट आपल्या व्यवसायात फार मोलाची आहे, कारण दोन-तीन महिन्यांच्या अंतराने पाळी येणारी स्थूल तरुणी आज प्रत्येक चिकित्सालयात दिसते. तिच्यात उणीव पुष्कळदा इस्ट्रोजेनची नसते, बीजोत्सर्गाची असते. बीजोत्सर्ग नाही म्हणून पीतपिंड नाही, पीतपिंड नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही. इस्ट्रोजेन मात्र मेदातून येतच राहते आणि अंतःस्तर वाढत राहतो. वर्षानुवर्षे असे चालले, तर गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अशा रुग्णेस 'इस्ट्रोजेन वाढविण्यासाठी' औषध देणे आधुनिक शास्त्राच्या कसोटीवर उतरत नाहीच, पण आपल्याही शास्त्रात ते कुठे बसते? मेदोवृद्धी आणि स्रोतोरोध समोर दिसत असता गुरू, शीत, स्निग्ध व बृंहण अशा शतावरीची योजना कोणत्या न्यायाने करावयाची?

दुसरी पायरी शतावरीची. तिच्यातील सॅपोनिने स्टिरॉइडवर्गीय आहेत हे खरे. परंतु स्टिरॉइडची ठेवण असणे आणि शरीरात इस्ट्रोजेन होणे यांत मोठे अंतर आहे. १९४० च्या दशकात रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतील रानकंदांमधील डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन तयार केले, ते प्रयोगशाळेतील रासायनिक प्रक्रियांनी. मानवी शरीरास ते रूपांतर साधत नाही. शतावरी स्तन्य आहे, रसायन आहे. तिला संप्रेरकाची उसनी पदवी कशास हवी?

फार्मसीमालकांनी या दाव्याचा पुढचा अर्थही ध्यानात घ्यावा. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या अनेक स्त्रियांना रजोनिवृत्तीनंतर अॅरोमॅटेज रोखणारी औषधे दिली जातात, ती शरीरात इस्ट्रोजेन बनू नये म्हणूनच. आपला कल्प खरोखरच इस्ट्रोजेनसारखा कार्य करीत असेल, तर या स्त्रियांसाठी वेष्टनावर ठळक इशारा हवा. आणि करीत नसेल, तर तो शब्द वेष्टनावर नको. आज शब्द आहे, इशारा नाही. शिवाय १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने स्त्रियांच्या मासिक पाळीचे दोष दूर करण्याच्या जाहिरातींनाच मनाई केली आहे, याचा काही उत्पादकांना विसर पडलेला दिसतो.

वैद्यांपुरते एवढे सुचवावेसे वाटते : पाळी लांबण्याची तक्रार आल्यास गर्भधारणेची शक्यता, वजन आणि पूर्वीचे आजार यांची नोंद प्रथम करावी, दीर्घ अंतराने अतिस्राव होत असेल, तर अंतःस्तराची सोनोग्राफी करून घ्यावी, आणि रजोनिवृत्तीनंतर एकदाही रक्त दिसले, तर निदान होईपर्यंत कोणताही कल्प सुरू न करता रुग्णेस स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.