शाळा सुटल्यानंतरची शाळा

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचायलाही काहीतरी हवे, ही सवय मराठी माणसाला लागली. ही सवय घराघरांत रुजली त्यात वाचनालयांचा वाटा मोठा आहे. थोडी वर्गणी भरावी आणि पुढचे दोन-तीन महिने आळीपाळीने सगळे अंक घरी नेऊन वाचावेत, अशी योजना महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वाचनालयांत दरवर्षी चालते. अंक विकत घेणारा एक असतो आणि वाचनालयामुळे तोच अंक दहा घरांतून फिरून येतो. म्हणून पांढुर्णा-सौंसरच्या मातीत दिवाळी अंक हाती देताना यंदा अंकाइतकेच त्या फिरण्याच्या वाटेबद्दल बोलावेसे वाटते. सार्वजनिक ग्रंथालय ही चार वाचनवेड्यांची हौस नाही. शाळा जिथे थांबते तिथून पुढचे शिक्षण देणारी ती संस्था आहे आणि म्हणून शाळेइतकाच तिच्यावर गावाचा हक्क आहे, हे या संपादकीयाचे म्हणणे आहे.

आपल्या भागाला हे म्हणणे अधिक लागू पडते, कारण आपली घडणच तशी आहे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. जाम आणि कन्हान नद्यांच्या काठची ही गावे नागपूरच्या बाजारपेठेशी, वऱ्हाडच्या सोयरिकींशी जोडलेलीच राहिली. शाळा आणि कचेरी मात्र हिंदीची झाली. इंदूर-ग्वाल्हेरची मराठी राजवटीबरोबर तिथे गेली. इथली मराठी शेतकऱ्याची, बांधावरची आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात कार्यालये कुठे बसवायची, कोणत्या इमारती बांधायच्या याचे निर्णय एकदाच होतात आणि पुढे पन्नास वर्षे टिकतात. ग्रंथालयाची जागा त्या नकाशावर असावी, हे सांगायची हीच वेळ आहे.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. बेळगावातले मराठी मूल कन्नड शाळेत गेले तर त्याला मराठी वाचण्यासाठी दुसरी लिपी शिकावी लागते. आपल्याकडे तसे नाही. हिंदी माध्यमात शिकलेल्या पोराला देवनागरी येते आणि मराठी तो घरी बोलतोच. त्याच्या आणि मराठी पुस्तकाच्या मध्ये अडचण आहे ती फक्त पुस्तक हाताशी नसण्याची. उलट बाजूनेही हेच खरे आहे. श्रावणात पोथी वाचणाऱ्या आजीला, सामुदायिक प्रार्थनेनंतर तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ वाचणाऱ्या काकांना, सरकारी योजनेचे हिंदी पत्रकही अक्षर लावून वाचता येते. दोन भाषा आणि एक लिपी असल्यामुळे शेजारी-शेजारी लावलेली दोन कपाटे इथे जेवढे काम करतील, तेवढे दुसऱ्या सीमाभागात क्वचितच होईल.

आता शिक्षणाचे पाहू. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. चौदाव्या वर्षानंतर काय, याचे उत्तर त्यात नाही. २०११च्या जनगणनेत तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७१ टक्के होते. म्हणजे सात वर्षांवरील दर शंभरांतल्या एकोणतीस माणसांना लिहिता-वाचता येत नव्हते. केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी सुरू आहे, तो स्वागतार्हच आहे. परंतु प्रौढपणी शिकलेली अक्षरे वापरात राहिली नाहीत तर पुसली जातात. सही शिकलेल्या बाईला पुढच्या महिन्यात वाचायला मोठ्या टायपातले, सोपे, तिच्या कामाचे पुस्तक मिळाले नाही, तर तो वर्ग फुकट गेला असे समजावे. घटनाकारांच्या नंतरच्या पिढीने हे ओळखले होते. १९९२च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या कामांची जी अकरावी अनुसूची दिली, तिच्यात एकोणिसावा विषय प्रौढ व अनौपचारिक शिक्षण हा आहे आणि लगेच विसावा विषय ग्रंथालये हा. त्या यादीत जे शेजारी आहे, ते गावात मात्र शेजारी दिसत नाही.

शिकण्याची गरज निरक्षरांपुरतीही नाही. संत्र्याचा बागाईतदार अंबिया बहार धरायचा की मृग, पाण्याचा ताण किती दिवस द्यायचा, फळगळ कशाने होते, हे दरवर्षी नव्याने शिकतो. शिकवणारा बहुतेक वेळा औषध विकणारा दुकानदारच असतो. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीबद्दलही तेच. संत्र्यावर संशोधन करणारी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर नागपुरात आहे. तिथले ज्ञान बांधापर्यंत यायला मधे एखादे ठिकाण लागते, जिथे कृषी मासिके आहेत, पुस्तिका आहेत आणि महिन्यातून एकदा जाणत्या माणसाचे बोलणे ऐकायला चार शेतकरी जमतात. स्पर्धा परीक्षेच्या मुलाला शांत टेबल हवे, सुनेला दुपारच्या दोन तासांत वाचायला कादंबरी हवी, लहान मुलाला चित्रांचे पुस्तक हवे, निवृत्त गुरुजींना वर्तमानपत्र आणि बोलायला सोबत हवी. या सगळ्यांना एका छपराखाली घेणारी, वय आणि दाखला न विचारणारी दुसरी संस्था आपल्या व्यवस्थेत नाही.

हे स्वप्नरंजन नाही, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६मध्ये संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्यानंतर त्यांना जो प्रश्न पडला तो आपलाच आहे: शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाचे पुढे काय? १९१०मध्ये त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावले आणि ग्रंथालयांची साखळी उभी केली. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय, खाली तालुके आणि खेडी, जिथे इमारत नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या, स्त्रियांसाठी व मुलांसाठी स्वतंत्र दालने आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रफिती व मॅजिक लँटर्न. गुजरातीभाषक प्रजेच्या त्या राज्यात गुजरातीबरोबर मराठी आणि इंग्रजी पुस्तकेही एकत्र नांदली. पैशाची रीत तर आजही जशीच्या तशी घ्यावी अशी होती. खर्चाचा एक वाटा गावाने जमवायचा, तेवढाच पंचायतीने घालायचा, तेवढाच सरकारने. गावाने वाटा उचलल्यामुळे ग्रंथालय गावाचे झाले आणि सरकारने वाटा उचलल्यामुळे ते टिकले.

यावर पहिला आक्षेप महाराष्ट्राकडे बोट दाखवून घेतला जातो. तिथे १९६७पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, हजारो अनुदानित वाचनालये आहेत, तरी कित्येक नावापुरतीच निघाली. हे खरे आहे. २०१२मध्ये झालेल्या पडताळणीत त्रुटी आढळल्या आणि त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणेच कित्येक वर्षे थांबले. तुटपुंजे अनुदान आणि त्याहून तुटपुंज्या मानधनावर राबणारा ग्रंथपाल ही तिथली जुनी दुखणी आहेत. पण या दाखल्यातून कायदा नको असा निष्कर्ष निघत नाही. कायदा होता म्हणूनच पडताळणी झाली आणि हिशेब मागता आला. कायदा नसतो तिथे वाचनालय एखाद्या कार्यकर्त्याच्या चिकाटीवर चालते आणि तो थकला की कुलूप लागते; त्याची नोंद कुठल्याच दफ्तरात होत नाही. ग्रंथालये टिकली तर काय घडते, ते केरळात दिसते. तिथे १९४५मध्ये पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने ४७ वाचनालये एकत्र येऊन त्रावणकोरचा ग्रंथालय संघ झाला. ही चळवळ पुढे केरळभर पसरली आणि तिने खेड्यापाड्यांत वाचणारी माणसे तयार केली. १९९०मध्ये एर्नाकुलम हा देशातला पहिला पूर्ण साक्षर जिल्हा जाहीर झाला, त्यामागे अशी पूर्वतयारी होती.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. सगळे जग खिशात असताना कपाटे कशाला, असे तरुण विचारतात आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. माहिती आज खरोखरच खिशात आहे. मात्र शिकायला माहितीखेरीज निवड, सलगता आणि सोबत लागते. संत्र्याच्या रोगावर दहा चित्रफिती दहा वेगळी औषधे सांगतात, तेव्हा त्यांतली कोणती धरायची हे विचारायला माणूस लागतो. शिवाय एका घरात एकच फोन असेल तर तो बहुधा कर्त्या पुरुषाच्या हाती असतो. सासूच्या आणि शाळकरी मुलीच्या वाट्याला तो उरलेल्या वेळात येतो. म्हणून ग्रंथालयात संगणक आणि इंटरनेट हवेच, आणि ते वापरायला शिकवणारा ग्रंथपालही हवा. केंद्राच्या २०२३च्या अर्थसंकल्पात मुलांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली, तेव्हाच पंचायत आणि प्रभाग पातळीवर प्रत्यक्ष ग्रंथालये उभारायला राज्यांना उत्तेजन देऊ असेही म्हटले गेले. पडदा आणि पान यांतून एकच निवडायची गरज तिथेही मानलेली नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत मनाला लागणारा आहे: ‘वाचतो कोण?’ अभ्यासिकेत मुले गाइडे घोकायला येतात, म्हातारी माणसे पेपर चाळून जातात, कपाटाची किल्ली कुणी मागत नाही, असे म्हणतात. कपाटाची किल्ली मागावी लागते, हीच पहिली चूक आहे. बंद कपाट, सरकारी वेळ, जुनी पुस्तके आणि स्त्रियांना अवघडल्यासारखे वाटेल अशी जागा दिल्यावर वाचक येत नाही, यात वाचकाचा दोष कुठला? शेतावरून माणूस संध्याकाळी परततो, तर वाचनालय संध्याकाळीच उघडे हवे. आणि आपल्या गावांत वाचनाची परंपरा नाही असे तरी कसे म्हणावे? एकाने पोथी वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची आणि मधे थांबून अर्थ लावायचा, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्याच पद्धतीने एखादी कथा, शेतीचा लेख किंवा आरोग्याची पुस्तिका वाचली, तर न वाचता येणाराही ग्रंथालयाचा सभासद होऊ शकतो.

मराठीचे कपाट मागणे म्हणजे हिंदीला विरोध, असेही कुणाला वाटेल. २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशात सुमारे बारा लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, हे सांगणारे घटनेचे कलम ३५०अ आले तेही १९५६मध्येच, म्हणजे ज्या वर्षी आपण या राज्यात राहिलो त्याच वर्षी. मध्य प्रदेशाचे नागरिक म्हणूनच हे मागणे आहे. घरच्या भाषेत वाचायची गोडी लागलेले मूल हिंदीही अधिक सहज वाचते, आणि ज्यांची घरची बोली गोंडी किंवा कोरकू आहे त्यांच्या गोष्टी, गाणी, औषधी वनस्पतींचे ज्ञान नोंदवून ठेवण्याचे कामही अशाच ग्रंथालयाने करायचे आहे. आपल्या कपाटासाठी बोलताना त्यांच्या कपाटाचा विसर पडला, तर आपल्या मागणीत न्याय उरणार नाही.

राहिला पैसा. दवाखान्यात डॉक्टर नाही, उन्हाळ्यात नळाला पाणी नाही, तिथे पुस्तके आधी कशी मागायची? ती आधी मागत नाही, सोबत मागतो. आणि ती कशी द्यायची हे या राज्याने स्वतः दाखवून दिले आहे. १९९७मध्ये मध्य प्रदेशाने शिक्षण हमी योजना सुरू केली. ज्या वस्तीत मुले आहेत आणि एक किलोमीटरच्या आत शाळा नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली की नव्वद दिवसांत शाळा द्यायची. मागणी लोकांची आणि मुदतीचे बंधन सरकारवर, हे सूत्र ग्रंथालयालाही लावता येते. गावाने जागा आणि एक वाटा द्यावा, पंचायतीने दुसरा, राज्याने तिसरा. आणि ठरल्या मुदतीत पुस्तके, ग्रंथपाल व इंटरनेट मिळावे. त्यासाठी राज्याचा ग्रंथालय कायदा हवा. तामिळनाडूत तो १९४८पासून आहे. २०००पर्यंत आपल्याच राज्याचा भाग असलेल्या छत्तीसगडनेही २००८मध्ये तो केला. मध्य प्रदेशात तो अजून झालेला नाही.

म्हणून या दिवाळीला वाचकांकडे एक मागणे आहे. येत्या ग्रामसभेत अकराव्या अनुसूचीतल्या विसाव्या विषयाचे नाव घेऊन वाचनालयाचा ठराव मांडा आणि गावाचा वाटा कोणता, हे त्याच ठरावात लिहा: एखादी रिकामी खोली, काही रुपये, संध्याकाळचे दोन तास. आणि हा अंक वाचून झाल्यावर घरात ठेवू नका, शेजारच्या घरी द्या. तिथून तो पुढच्या घरी जाऊ द्या. उद्याच्या वाचनालयाची नोंदवही एका पुस्तकापासूनच सुरू होईल, ते पुस्तक हा अंक ठरला तर आमचे श्रम सार्थकी लागले.