नाक्यावरची हवा कोण मोजणार?

गेल्या महिन्यात मामूंच्या पेट्रोल रिक्षाची पीयूसी काढायला त्यांच्यासोबत गेलो होतो. तिथल्या पोराने नळी सायलेन्सरमध्ये घातलीच नाही. नंबर प्लेटचा फोटो काढला, पैसे घेतले, कागद दिला. "काम हुआ ना, बस," मामू म्हणाले.

त्या यंत्रात एका बाजूने अवरक्त किरण सोडतात, मधल्या नळीत धूर असतो आणि पलीकडे किरण मोजले जातात. कार्बन मोनॉक्साईड साधारण 4.6 मायक्रॉन लांबीच्या लहरी शोषून घेतो. पलीकडे किरण जितके कमी पोहोचले तितका हा वायू जास्त. नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे किरण शोषत नाहीत, त्यामुळे आड येत नाहीत. बाष्प येतं, त्याचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. ज्याला रंग नाही, वास नाही, तो वायू असा पकडता येतो.

शहराच्या हवेतला कार्बन मोनॉक्साईडही याच पद्धतीने मोजतात. 2009च्या राष्ट्रीय मानकांत 12 प्रदूषकं आहेत. त्यात या वायूची मर्यादा 8 तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 2 मिलिग्रॅम. पण आठवड्यातून दोनदा नमुने घेणाऱ्या जुन्या केंद्रांवर धूलिकण, सल्फर डायऑक्साईड आणि नायट्रोजन डायऑक्साईड एवढ्यावरच भर असतो. 2019च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत लातूर आलं, नांदेड आलं नाही. ही यादी मुख्यतः धूलिकणांवर ठरली. त्यावरून नांदेडची हवा शुद्ध असं आमच्याकडे छाती ठोकून सांगणारे आहेत! धूळ कमी म्हणजे वायू कमी, हे कुठलं गणित?

लातूरची गंजगोलाई बघा. 1917ची ही रचना फैयाजुद्दीन यांची. 16 रस्ते तिथे मिळतात. तेव्हा बैलगाड्या येत, आता दिवसभर इंजिनं घुरघुरतात आणि हातगाडीवाले त्यातच उभे.

स्वयंचलित केंद्रात अवरक्त मापक असतो, पण हवा ओढणारं तोंड जमिनीपासून 3 ते 10 मीटर उंच. मामूंचं नाक एवढं उंच नाही. ते दिवसाचे दहा तास देगलूर नाक्यावर पुढच्या गाडीच्या सायलेन्सरमागे असतात. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट चिकटतो. संध्याकाळी मामूंचं डोकं धरतं, ते उन्हाला दोष देतात. ऊन असेलही. मोजल्याशिवाय कोण सांगणार?

महापालिकांनी प्रत्येक ऋतूत एक आठवडा नाक्यावर आणि गोलाईत माणसाच्या नाकाच्या उंचीवर मापक ठेवावा, आकडे मराठीत आणि उर्दूत फलकावर लिहावेत. आणि पुढच्या वेळी पीयूसीला मी नळी आत घालायला लावणार आहे. रिक्षा नापास झाली तर मामू चिडतील, चिडू देत.