शोरबा, कोरमा आणि मुसाफिर

परवा सातवीच्या वर्गात मी शिकवले, ‘मुसाफिर म्हणजे प्रवासी.’ युरोपात रोमानिया आणि युक्रेनच्या मधोमध मोल्दोवा नावाचा छोटा देश आहे. तिथल्या रोमानियन भाषेत मुसाफिर म्हणजे पाहुणा! दारात आलेला प्रवासी तिथे पाहुणाच झाला.

हा शब्द तिकडे तुर्कांकडून गेला. १४५६ साली मोल्दाविया राज्याने उस्मानी सुलतानाला खंडणी देणे कबूल केले. पुढे गहू आणि मेंढ्या इस्तंबूलकडे जात राहिल्या, तर तिकडचे शब्द इकडच्या चुलीपर्यंत आले. आंबट सूपला ते ‘चोर्बा’ म्हणतात, तो आपला शोरबा. ‘किफ्तेले’ म्हणजे कोफ्ते. ‘हाल्वा’ तर ओळखीचाच, फक्त तो सूर्यफुलाच्या बियांचा. गरिबाच्या ताटात मात्र ‘ममालिगा’ असे. मक्याच्या पिठाची ही घट्ट उकड लाकडी पाटावर पालथी घालून दोऱ्याने कापतात आणि मेंढीच्या दुधाच्या खारट चीजबरोबर खातात. नुसत्या मक्यावर दिवस काढणाऱ्या शेतकऱ्यांना पेलाग्रा हा रोगही होई.

१८१२ मध्ये हा मुलूख रशियाने घेतला. मग बीटचे बोर्श्तही रोजच्या जेवणात आले.

दक्षिणेकडच्या कोमरात शहराच्या परिसरात गागाऊझ लोक राहतात. भाषा तुर्कीच्या जवळची, धर्म ख्रिस्ती. त्यांच्या मटणाच्या ‘काउर्मा’त आणि आपल्या कोरम्यात शब्द एकच आहे. हे ऐकून एका मुलीने विचारले, “सर, तुर्की बोलतात आणि तरी ख्रिस्ती?” मी म्हणालो, “बेटा, तू घरी कोणती भाषा बोलतेस?” ती म्हणाली, “मराठी.” आणि हसली. ‘मुसलमान असून इतके छान मराठी?’ हा प्रश्न आपण किती वेळा ऐकला आहे!

कोणत्या भाषेत कोणता धर्म आणि कोणत्या ताटात कोणता पदार्थ, हे वरून कुणी आखून दिलेले नसते. माणसे शेजारी राहिली, की चुलीवर सारे एक होते.

या रविवारी ‘सरमाले’ करून पाहा. तिकडे त्यात बहुधा डुकराचे मांस असते. आपण मटणाचा खिमा घेऊ. खिमा, तांदूळ, परतलेला कांदा, गाजर आणि मीठ-मिरी एकत्र करा. कोबीची पाने उकळत्या पाण्यात नरम करून त्यात सारण गुंडाळा. टोमॅटोच्या रसात मंद आचेवर दीड-दोन तास शिजू द्या. आणि हो, दोन जास्तच करा. एखादा मुसाफिर आला तर?