मांडी घालून बसलेली गिटार

५ जुलै १९७५. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील साउदॅम्प्टन कॉलेजात एक मैफल होती. बैठकीवर पाच वादक मांडी घालून बसले होते. व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटमवर टी. एच. विनायकराम आणि मृदंगमवर आर. राघवन. पाचवा होता इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात १९४२ साली जन्मलेला जॉन मॅकलॉफलिन, मांडीवर गिटार घेतलेला. चौघांची ती बैठक जन्माची होती. पाचव्याने ती कमावली होती, आणि त्यासाठी बरेच काही सोडले होते. त्या दिवशीचे वादन ध्वनिमुद्रित झाले आणि पुढल्या वर्षी ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने बाहेर आले. या मंडळींच्या वृंदाचे नाव होते 'शक्ती'.

काय सोडले, ते व्यापारी घरातील वाचकाला चटकन समजेल. आई व्हायोलिन वाजवणारी, त्यामुळे लहानपणी घरात पाश्चात्त्य अभिजात संगीत होते. अकराव्या वर्षी मुलाने गिटार हाती घेतली. १९६९ साली तो अमेरिकेत आला आणि त्याच वर्षी माइल्स डेव्हिससारख्या जॅझमधील मातब्बर कलावंताच्या ध्वनिमुद्रणांत वाजवू लागला. १९७१ मध्ये त्याने स्वतःचा 'महाविष्णु ऑर्केस्ट्रा' उभा केला. विजेची दोन मानांची गिटार, कानठळ्या बसवणारा ध्वनी, थक्क करणारा वेग आणि तुडुंब भरलेली सभागृहे. 'महाविष्णु' हे नाव त्याला त्याचे बंगाली गुरू श्री चिन्मय यांनी दिले होते. केस बारीक कापलेला, पांढऱ्या वस्त्रांतला, शाकाहार पाळणारा हा तरुण रॉकच्या बेबंद जगात वेगळाच दिसे. पण पेढी जोरात चालली होती. ऐन भरभराटीत ती बाजूला ठेवून त्याने बिनविजेची गिटार घेतली आणि तो भारतीय वादकांच्या शेजारी जमिनीवर येऊन बसला. ज्यांनी त्याच्या गडगडाटासाठी पैसे मोजले होते, त्या श्रोत्यांतले बरेच जण गोंधळले. नव्या मुद्रिकांना जुन्यांइतके गिऱ्हाईक मिळाले नाही. व्यवहाराच्या वहीत ही नोंद उघड तोट्याची होती.

भारतीय संगीताच्या मोहात पडलेला हा पहिला पाश्चात्त्य वादक खचितच नव्हे. विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन १९५२ साली पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आले. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांकडून योगासने शिकण्याचा त्यांचा परिपाठ त्याच दौऱ्यात सुरू झाला. १९५५ मध्ये उस्ताद अली अकबर खाँ यांना न्यूयॉर्कला नेऊन तेथील श्रोत्यांपुढे बसवण्यात मेनुहिन यांचाच पुढाकार होता. १९६६ साली इंग्लंडमधील बाथ येथील महोत्सवात ते पंडित रविशंकरांबरोबर वाजवायला बसले आणि त्या सहवासातून निघालेल्या मुद्रिकेला ग्रॅमी पारितोषिक लाभले. मात्र मेनुहिन यांचा भाग आधी रचून, स्वरलिपीत उतरवून दिलेला असे. आयुष्यभर लिहिलेले संगीत वाजवलेल्या माणसाला ऐन बैठकीत सुचेल ते वाजवणे अवघड जाणारच. पन्नाशीला टेकलेल्या, जगन्मान्य कलावंताने जाहीरपणे नवशिक्याच्या जागी बसावे, यात मोठेपणा निःसंशय आहे. पण ते घरी आलेले आदरणीय पाहुणे होते. मॅकलॉफलिन बिऱ्हाड करायला आला होता.

त्याने शिकण्यासाठी निवडली ती वीणा. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात त्या वेळी कर्नाटक संगीताचे विद्वान डॉ. एस. रामनाथन शिकवीत असत. त्यांच्याकडे तो वीणेचे धडे घेऊ लागला. वीणा हाती घेतली की गिटारवादकाला आपल्या वाद्यातली उणीव आपसूक कळते. गिटारच्या मानेवरचे धातूचे पडदे सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतात. सुरांच्या गुच्छांवर चालणाऱ्या पाश्चात्त्य संगीताला ती सोय हवीच असते. आपल्या रागसंगीताला मात्र ती काचते. शांतपणे तानपुरा ऐकला तर त्यातून आपोआप गांधार उमटतो. तो गिटारच्या पडद्यावरील गांधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. हाच दोष हार्मोनियममध्येही आहे आणि त्याच्यासह इतर कारणांसाठी आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके त्या वाद्याला दाराबाहेर ठेवले होते, हे जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. शिवाय मींड. सतारीवर एकाच पडद्यावर तार खेचून चार-पाच स्वरांचा प्रवास करता येतो. गिटारची तार तितकी खेचू गेले तर बोट खालच्या लाकडाला घासते आणि स्वर जागीच अडखळतो.

यावर त्याने काढलेला तोडगा कारागिरीचा होता. गिब्सन कंपनीतील एब वेक्टर या कारागिराने त्याच्यासाठी एक खास गिटार घडवली. पडद्यांच्या मधले लाकूड कोरून तिथे खोलगट वाट्या केल्या, त्यामुळे बोटाला खाली दाबायला आणि तार खेचायला मोकळीक मिळाली. सहा मुख्य तारांच्या खालून, गिटारच्या गोल तोंडावरून तिरप्या, आणखी सात तारा नेल्या. त्या सतारीच्या तरफांप्रमाणे झंकारत आणि हव्या तेव्हा छेडताही येत. दिसायला गिटारच, पण तिच्या पोटात तानपुरा शिरला होता. पडदे मात्र होते तिथेच राहिले. गिटारची सतार करण्याचा खटाटोप त्याने केला नाही. आपले वाद्य आपल्याच जातीचे ठेवून त्याला नवी भाषा बोलायला लावली, म्हणूनच बहुधा त्याचे वादन नकलेसारखे वाटत नाही.

स्वराइतकीच कठीण गोष्ट लयीची. पाश्चात्त्य वादक चार-चार मात्रांचे खण मोजत सरळ पुढे जातो, आपली लय फिरून समेवर परतते. साध्या तिहाईचा हिशेब पाहावा. तीनतालात समेपासून पाच मात्रांचा तुकडा वाजवला, एक मात्रा थांबलो, पुन्हा पाच, पुन्हा एक, पुन्हा पाच. बेरीज सतरा, म्हणजे शेवटचा आघात नेमका पुढल्या समेवर पडतो. हे गणित कागदावर कोणीही मांडील. डोक्यात मांडून, बोटांनी फेडून, वर चेहऱ्यावर हसू ठेवणे ही साधना आहे. दक्षिणेकडे हा हिशेब 'कोन्नकोल' या रीतीने तोंडाने बोलून पक्का करतात. आपल्याकडच्या तबल्याच्या बोलांची ती सख्खी बहीण. मॅकलॉफलिनने ती विद्या इतकी आत्मसात केली, की पुढे विनायकरामांचे पुत्र सेल्वगणेश यांच्यासह त्याने कोन्नकोल शिकवणारी चित्रफीतच काढली. 'शक्ती'च्या मैफलीत गिटार, व्हायोलिन आणि तालवाद्ये यांची सवाल-जवाबाची जुगलबंदी रंगते तेव्हा गोरा वादक तिहाई चुकेल काय, ही धाकधूक ऐकणाऱ्याच्या मनात फार वेळ उरत नाही.

या वृंदाने आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. झाकीर हुसेन मुंबईच्या माहीमचे, पंजाब घराण्याच्या तबल्यात वाढलेले. विनायकराम मद्रासचे, घटम वाजवणारे. मराठी श्रोत्याला बाख आणि बीथोव्हेन यांची नावे ठाऊक असतात, पण त्यागराजांच्या कृती त्याच्या कानी क्वचितच पडतात. उत्तर आणि दक्षिण एका बैठकीवर रोज शेजारी बसली, एकमेकींचे हिशेब शिकली, आणि त्याला निमित्त झाला यॉर्कशायरचा एक गिटारवादक.

'फ्यूजन' या शब्दाने भले जितके केले, तितकेच बुरेही केले. तबल्याचा एक ठेका, गिटारचे चार सूर, वर बासरीची फोडणी, अशी भेळ आज लग्नाच्या स्वागत समारंभातही मिळते. तिथे कोणालाच काही सोडावे लागत नाही आणि म्हणून काही मिळतही नाही. 'शक्ती'त कोणीही शोभेला बसलेले नव्हते. तरीही दोष दाखवायचा तर तो आहे: वेगाचे आकर्षण. विलंबित आलापात राग जसा सावकाश डोळे उघडतो, ती सवड या वादनात थोडी. जुन्या पेढीचा गडगडाट मालकाच्या बोटांतून पुरता गेला नाही, असे काही जागी वाटत राहते.

पहिला वृंद तीन मुद्रिकांनंतर विसावला. १९९७ पासून तो नव्या रूपाने पुन्हा उभा राहिला. प्रथम पंडित हरिप्रसाद चौरसिया, मग मँडोलिनवर यू. श्रीनिवास, कंजिऱ्यावर सेल्वगणेश आणि गायनाला शंकर महादेवन. महादेवन चेंबूरचे, श्रीनिवास खळे यांच्यासारख्या मराठी भावसंगीताच्या आचार्यांपाशी शिकलेले. डिसेंबर २००० मध्ये मुंबईत झालेल्या मैफलींतून निघालेल्या मुद्रिकेचे नाव 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे'. त्याच वर्षी फेब्रुवारीत उस्ताद अल्लारखा निवर्तले होते. या ध्वनिमुद्रणात त्यांचे पुत्र झाकीर आणि तौफिक वाजवताना ऐकू येतात. पंडित शिवकुमार शर्मांच्या संतूरसह 'शृंगार' ही दीर्घ रचना याच मुद्रिकेत आहे. तिच्यात मॅकलॉफलिन थांबायला शिकलेला दिसतो. संतूर बोलत असताना त्याची गिटार बराच वेळ नुसती ऐकत राहते.

२०१४ साली यू. श्रीनिवास अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यानंतर काही वर्षांनी वृंद पुन्हा जमला, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आले. साथरोगाच्या काळात वादक वेगवेगळ्या देशांत अडकलेले असताना प्रत्येकाने आपला भाग आपल्या जागी ध्वनिमुद्रित करून पाठवला आणि २०२३ मध्ये 'धिस मोमेंट' ही मुद्रिका आली. १९७७ नंतर 'शक्ती'ने स्टुडिओत केलेली ही पहिलीच मुद्रिका. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी तिला ग्रॅमी मिळाले, तेव्हा मॅकलॉफलिन ब्याऐंशी वर्षांचे होते. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीर हुसेन गेले. दोघांची पहिली एकत्र वाजवणूक कॅलिफोर्नियात उस्ताद अली अकबर खाँ यांच्या घरी झाली होती, श्रोत्यांच्या गर्दीपासून दूर.

घरी ऐकायला आरंभ करायचा असेल तर १९७५ च्या त्या मैफलीतील 'लोटस फीट' घ्यावे. पाच मिनिटांहूनही लहान, संथ आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही रुचेल असे. तरुण मुलांसाठी त्याच मुद्रिकेतील 'जॉय' आहे, अठरा मिनिटांचे. ते लावावे आणि तालवाद्ये रंगात आली की सम कुठे पडते, ते मुलांना बोटांवर मोजायला सांगावे.