सरपटी चेंडूची भीती

१८८७ साली शिकागोत जॉर्ज हॅनकॉक यांनी सॉफ्टबॉलचा पहिला डाव मांडला, तेव्हा चेंडू म्हणून बॉक्सिंगचा एक हातमोजा गुंडाळून बांधला होता. आज हा खेळ नावापुरताच मऊ उरला आहे. बारा इंच परिघाचा, क्रिकेटच्या चेंडूहूनही जड असा हा चेंडू उसळत अंगावर आला, की नवख्या मुलाची मान आपोआप वळते. लगेच मैदानाबाहेरून आरोळी येते, "घाबरतोस काय?" अशा आरोळीने भीती जात नाही, ती फक्त लपवायला शिकवली जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांविषयी तर आणखी एक गैरसमज रूढ आहे. 'जंगलातली पोरं, जात्याच काटक; त्यांना काय शिकवायचे?' असे कौतुकाने म्हटले जाते. हे कौतुक मला घातक वाटते, कारण त्याच्या आडोशाने शिकवण्याची जबाबदारी टाळता येते. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले, ते केवळ काटक होते म्हणून नव्हे. 'मिशन शौर्य' या उपक्रमात त्यांना रीतसर प्रशिक्षण मिळाले होते. जे चढाईला लागू, तेच चेंडू अडवण्यालाही.

मुलाच्या भीतीला कारणही असते. धान कापल्यावर मोकळ्या झालेल्या बांधीत किंवा शाळेच्या मुरमाड पटांगणात चेंडू धसकटाला अथवा खड्याला लागून कुठेही उडतो. अशा जागी मान वळवणारे मूल भित्रे नसते, अनुभवी असते! पण मान वळली की चेंडू दिसत नाही, आणि न दिसलेला चेंडूच लागतो. हे चक्र तोडणे हेच शिक्षकाचे काम.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. आधी सर्वांनी मिळून पटांगणावरचे खडे वेचावेत. पहिले काही दिवस ग्लोव्ह नको, खरा चेंडूही नको. रबरी चेंडू चार-पाच पावलांवरून हळूच घरंगळत सोडावा आणि मुलांनी तो दोन्ही हातांनी उचलावा. पाय खांद्यांपेक्षा थोडे फाकलेले, गुडघे वाकलेले, बूड खाली, हात शरीराच्या पुढे. रोवणीत बाया कमरेतून वाकतात, तसे येथे चालत नाही. मोहफुले वेचताना मुले उकिडवी बसतात, त्याच्या जवळची ही ठेवण आहे. पुढे ग्लोव्ह आला की तो जमिनीला टेकवून उघडा ठेवावा. हात खालून वर चटकन येतो; वरून खाली नेताना मात्र चेंडू निसटतो. ही सवय अंगात मुरली, की मगच अंतर, वेग आणि खरा चेंडू.

शेवटी शिकवायची गोष्ट म्हणजे चेंडूकडे पुढे जाणे. या खेळात दोन बेसांमधले अंतर अवघे साठ फूट. वाट पाहत उभे राहिले तर धावणारा पोहोचतो, आणि चेंडूची उसळीही आपल्या सोयीची मिळत नाही. पुढे सरणारा खेळाडू उसळी स्वतः निवडतो. माझ्या मते आत्मविश्वास म्हणतात तो हाच.

मुलींच्या बाबतीत तर ही पायरी चुकवणे अक्षम्य आहे. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल आला, तो स्त्रियांचा खेळ म्हणून. आपल्याकडे मात्र ओठ सुजलेली मुलगी घरी गेली, की दुसऱ्या दिवशी ती मैदानावर दिसेलच याची शाश्वती नसते. मुलाला लागले तर 'खेळात चालायचेच' म्हणणारे घर मुलीला लागले की तिच्या लग्नाचा विचार करू लागते. घाईने टाकलेल्या एका चेंडूपायी तिचा खेळ कायमचा सुटू शकतो. म्हणून स्पर्धा तोंडावर आली तरी शिक्षकांनी घाई करू नये. यंदा एक सामना हरला तरी चालेल; चेंडूकडे डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्या दहा मुली पुढच्या वर्षी मैदानात टिकल्या, तर तोच खरा विजय.