विचारांचा इतिहास की पुस्तकांची यादी?

शिळफाटा, ता. खालापूर.— राजकीय विचारांचा इतिहास लिहिणारे आमचे विद्वान कपाटातून चार ग्रंथ काढतात, त्यांना सनावळीच्या दोऱ्यात ओवतात आणि महाराष्ट्राने काय विचार केला ते आम्हांस सांगून मोकळे होतात. ज्याने पुस्तक लिहिले नाही त्याने विचारच केला नाही, असा या पद्धतीचा हिशेब! आम्हांस तो मुळीच कबूल नाही.

शेजारच्या कर्जत तालुक्याचेच पाहा. माथेरानचे वकील भाई विठ्ठल लक्ष्मण कोतवाल ता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीस बळी पडले. विजेचे मनोरे पाडणारे वीर म्हणून त्यांची नोंद होते, व ती योग्यच. परंतु त्याआधी त्यांनी गोरगरिबांसाठी शाळा काढल्या, सावकाराच्या दारी जाणे टळावे म्हणून धान्यकोठ्या काढल्या, त्याचे काय? राज्य कोणाचे हे विचारण्याआधी कणगी कोणाची, असे ती कोठी विचारीत होती. हा राजकीय विचार नव्हे तर काय भजन? तरी हुतात्म्यांच्या यादीत नाव आहे, विचारवंतांच्या यादीत नाही.

अलिबागकडील चरीचा संप घ्या. नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. ता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल आणले. पंडित बिलापासून आरंभ करतात. (बिल एकट्या चरीतून निघाले असे नव्हे, रत्नागिरीची खोतीही त्यांस ठाऊक होती.) आम्ही म्हणतो, आधी ती चार वर्षांची पडीक शेते वाचा, मग बिल वाचा, म्हणजे त्यातला शब्द कोणाच्या तोंडचा आहे ते उमजेल.

आता आमच्याच मंडळींस दोन शब्द. जोतीराव आज असते तर अमुक पक्षात असते, हे व्यासपीठावर टाळ्या घेण्यास ठीक, इतिहास नव्हे. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून झाला. 'दीनबंधू'ने आरंभीचे दोन भाग छापले, पुढचे छापले नाहीत. मग सारा ग्रंथ त्या काळी घरोघर गेला, असे कोणत्या तोंडाने सांगता? जोतीराव तो ठिकठिकाणी वाचून दाखवीत. ऐकणारे कोण होते, संपादक कोणत्या मजकुराशी कचरला, हे शोधा की!

खालापूर-कर्जतच्या मास्तरांनी येत्या सुटीत जुन्या कुळांच्या घरी जावे. पेटीच्या तळाशी कबुलायती, खंडाच्या पावत्या, मामलेदाराकडे केलेले अर्ज असतील, ते वाळवीच्या आधी उतरून घ्यावे.